अ‍ॅम्प गेला म्हणण्याआधी

गाडीतला वूफर एकाएकी गप्प होतो. तुम्ही अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाता, तिथला पोरगा डिकी उघडतो, लाल दिवा बघतो आणि निकाल देऊन मोकळा होतो : "अ‍ॅम्प गेला, साहेब. नवीन टाकून घ्या." माझी विनंती एवढीच आहे, की या निकालावर लगेच खिशात हात घालू नका. असे 'गेलेले' अ‍ॅम्प गाडीतून काढून बाकावर बॅटरीला जोडले, की त्यांतले कितीतरी मुकाट्याने वाजायला लागतात. बिघाड असतो तो त्यांच्यापर्यंत येणाऱ्या वायरीत, बॉडीला लावलेल्या अर्थमध्ये, नाहीतर जळालेल्या स्पीकरमध्ये. मग त्याच वायरीवर नवा अ‍ॅम्प चढतो आणि सहा महिन्यांनी तोही त्याच रस्त्याने जातो. दुकानदाराचं काही बिघडत नाही.

तपासायला फार काही लागत नाही. दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा. मल्टिमीटर वापरायला इंजिनियर असावं लागत नाही. डीसी व्होल्ट, ओहम आणि 'बीप' वाजणारी कंटिन्यूटी, या तीन खुणा ओळखता आल्या की पुरे. एक मात्र पाळा. वायर सोडायच्या किंवा जोडायच्या असतील तेव्हा आधी बॅटरीची मायनस काढा, आणि परत लावताना ती शेवटी लावा. प्लसच्या बोल्टवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर नुसती ठिणगी उडून भागत नाही, पाना तिथेच चिकटून लाल होतो. काही गाड्यांचा स्टिरिओ बॅटरी काढली की परत सुरू होताना कोड मागतो, तेव्हा तो आधी जवळ आहे ना बघा. आणि सीटखाली हात घालाल तिथे पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळा कपलर दिसला तर त्याला मीटर लावू नका आणि तो सोडूही नका. तो एअरबॅगचा असतो.

अ‍ॅम्पला वीज देणारे स्क्रू तीन. एकाला बॅटरीतून थेट जाड वायर येते, दुसरा अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला, आणि तिसरा रिमोट. हा तिसरा बिचारा दुर्लक्षित असतो. स्टिरिओ चालू झाला की तो एका बारीक वायरीतून १२ व्होल्ट पाठवतो, त्या इशाऱ्यावर अ‍ॅम्प जागा होतो. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना ही वायर निळी, तिच्यावर पांढरी रेघ असलेली असते. अ‍ॅम्पवर कुठलाच दिवा लागत नसेल, लाल नाही आणि हिरवाही नाही, तर सर्वांत आधी हिच्यावर संशय घ्या. स्टिरिओ चालू ठेवा, मीटरची काळी पिन अ‍ॅम्पच्या अर्थवर आणि लाल पिन रिमोटच्या स्क्रूवर. बारा व्होल्ट दिसत नसतील, पण जाड वायरीवर दिसत असतील, तर छोट्या वायरीच्या तुकड्याने प्लस आणि रिमोट क्षणभर जोडून बघा. अ‍ॅम्प उठला तर तो शाबूत आहे, दोष रिमोटच्या वायरीत. तुकडा मात्र तसाच ठेवून गाडी बंद करू नका, रात्रभरात बॅटरी उतरेल.

अलीकडच्या गाड्यांतल्या कंपनीच्या टचस्क्रीनना बऱ्याचदा ही रिमोट वायरच नसते. मग बसवणारा माणूस ती लायटरच्या सॉकेटवरून, फ्यूज बॉक्समधून किंवा हाय-लो कन्व्हर्टरमधून काढतो, आणि वायर सोलून, पीळ देऊन, वरून टेप गुंडाळतो. उन्हाळ्यात डॅशबोर्डमागे टेपचा डिंक वितळतो, टेप सुटते, पीळ सैल होतो. कारण कळलं की काम पाच मिनिटांचं असतं.

आता फ्यूज. इथे मला जरा आवाज चढवावा लागतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कागदी पट्टी कधीही, कुठल्याही अडचणीत घालू नका. लोकांना वाटतं फ्यूज अ‍ॅम्प वाचवतो. अ‍ॅम्पच्या अंगावरचा फ्यूज थोडाफार तेवढ्यासाठी असतो, पण बॅटरीजवळचा मोठा फ्यूज वायरीसाठी आणि गाडीसाठी असतो. ती वायर बोनेटखालून, पत्र्याच्या भोकातून, गालिच्याखालून डिकीपर्यंत जाते. वाटेत कुठे पत्र्याच्या कडेला घासून सोलली गेली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि गालिचा पेटायला त्याहून फार कमी पुरतात. म्हणून हा फ्यूज बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत हवा. अ‍ॅम्पजवळ डिकीत लावलेला मुख्य फ्यूज वायरीचं रक्षण करत नाही. तुमच्या गाडीत तो कुठे आहे ते आजच बोनेट उघडून बघा. अजिबातच नसेल तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी फ्यूज बसवून घ्या.

अ‍ॅम्पवरचे चपट्या पात्यांचे फ्यूज रंगावरून ओळखता येतात : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक, ३० चा हिरवा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा एकदाच बदला. चालू करताच तोही उडाला, तर तिसरा घालू नका. आत काहीतरी शॉर्ट आहे, आणि तुम्ही फ्यूज घालत राहाल तितका आतला जळण्याचा पसारा वाढेल.

या फ्यूजांवरून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे अ‍ॅम्पच्या खोक्यावर किती खोटं छापलंय. वर झळकतं '५००० वॉट', आणि अंगावर फ्यूज असतात वीस-वीसचे दोन. चाळीस अँपिअर गुणिले चौदा व्होल्ट, झाले ५६० वॉट, तेही आत जाणारे. जुन्या एबी वर्गाच्या अ‍ॅम्पमध्ये त्यातला पन्नास-साठ टक्के भाग आवाज होतो आणि बाकीचा उष्णता. डी वर्गात ऐंशी टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे सगळी उदारता दाखवली तरी तो पाचशे वॉटच्या आतलाच. अमेरिकेतल्या उद्योगसंघटनेने २००३ मध्ये सीईए-२००६ नावाचं मानक आणलं, त्यात वॉट मोजायचे ते १४.४ व्होल्टवर, ४ ओहम लोडवर, आवाजातली विकृती एक टक्क्याच्या आत ठेवून. खोक्यावर त्याचा उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नसेल तर फ्यूज मोजा.

ज्या तक्रारीवर सर्वांत जास्त अ‍ॅम्प नाहक बदलले जातात ती अशी : हळू आवाजात ठीक चालतं, आवाज वाढवला आणि बास आला की बंद, थोड्या वेळाने आपोआप चालू. दुकानात डिकीपाशी मीटर लावला तर व्यवस्थित १२.६ व्होल्ट दिसतात, आणि तिथेच निदान चुकतं. अ‍ॅम्प स्वस्थ बसलेला असताना मोजलेले व्होल्ट काहीच सांगत नाहीत. वायरीतले दहापैकी नऊ धागे तुटलेले असले तरी मीटर १२.६ दाखवणार, कारण मीटर जवळजवळ करंटच घेत नाही. मोजायचं ते अ‍ॅम्प ओढत असताना. इंजिन चालू करा, फोनवरून ५० हर्ट्झचा सलग सूर लावा, आवाज नेहमीच्या पातळीवर न्या आणि पाच-सात सेकंदांत अ‍ॅम्पच्या प्लस आणि अर्थ स्क्रूवरचे व्होल्ट बघा. जास्त वेळ तो सूर वाजवू नका, वूफर तापतो आणि शेजारीही.

समजा बॅटरीवर १३.९ आहेत आणि अ‍ॅम्पवर १०.४. साडेतीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्ले. अनेक अ‍ॅम्प दहाच्या आसपास आले की स्वतःला बंद करून घेतात, तेव्हा अ‍ॅम्पचा दोष नाही, तो शहाण्यासारखा वागतोय. चोर शोधायला मीटरच्या पिनेला लांब वायर जोडा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं अ‍ॅम्पच्या प्लस स्क्रूवर, आणि पुन्हा तोच सूर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट प्लसच्या वायरीत गळताहेत. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून अ‍ॅम्पच्या अर्थपर्यंत. दोन्हींकडे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा अर्थच पकडला जातो. तो सीटच्या बोल्टखाली किंवा डिकीतल्या कुठल्यातरी स्क्रूखाली दाबलेला असतो, आणि बोल्टखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा. रंग वीज वाहत नाही. संपर्क होतो तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, तोही जेमतेम. बोल्ट काढलात तर थिंबलभोवती रंग तपकिरी झालेला, प्लास्टिकचं आवरण मऊ पडलेलं दिसतं. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा चकचकीत करा, थिंबल दाबून बसवा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून ग्रीस नाहीतर रंग लावून टाका, म्हणजे गंज धरणार नाही. अर्थची वायर प्लसइतकीच जाड हवी, आणि लांबी हातभरापेक्षा जास्त नको.

प्लसकडे गळती निघाली तर आधी फ्यूज होल्डर हाताने चाचपा. गरम असेल तर तोच. नाहीतर वायर सोलून धागे खरवडा. वरून तांबूस आणि आतून रुपेरी दिसले तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर आहे. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा सुमारे दीडपट असतो. 'किट' म्हणून पिशवीत मिळणाऱ्या स्वस्त वायरी बहुतेक असल्याच. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेत तिची टोकं वर्ष-दोन वर्षांत भुकटी होऊन थिंबलमधून निसटतात. आणि व्होल्ट थेट बॅटरीवरच अकराला उतरत असतील, तर विषय अ‍ॅम्पचा नाहीच, बॅटरी किंवा अल्टरनेटर दाखवा.

लाल 'प्रोटेक्ट' दिवा लागलाय? घाबरू नका, तो शब्दाप्रमाणे संरक्षणच करतोय. कशापासून, ते शोधायचं. गाडी बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी अ‍ॅम्पवरून सोडा, स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या आरसीए पिना काढा. उरल्या फक्त वीज देणाऱ्या तीन वायरी. चालू करा. आता दिवा हिरवा झाला तर अ‍ॅम्प चांगला आहे, बाहेरचं काहीतरी त्याला त्रास देतंय. मग आधी आरसीए जोडा, नंतर एकेक स्पीकर, दर वेळी बंद करून. ज्याच्यामुळे लाल झाला तो गुन्हेगार. एवढं सगळं सोडूनही लालच राहिला तर मात्र बिघाड आत आहे.

स्पीकर तपासायला ओहम लावा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून आधी बघा, स्वस्त मीटर तेव्हाही ०.३-०.५ दाखवतो, तेवढे वजा करायचे. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. एक-दीड दिसला तर कॉइल जळून आपापसात चिकटलीय. काहीच दिसत नसेल तर तुटलीय. वूफरच्या कोनावर दोन्ही हातांची बोटं समान ठेवून हलकेच आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉइल फुगून घासतेय. नंतर स्पीकरच्या प्रत्येक वायरीपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत कंटिन्यूटी बघा, बीप वाजता कामा नये. दाराच्या बिजागरीपाशी जी रबरी नळी असते तिच्यात वायरी रोज वाकून वाकून सोलल्या जातात, तिथे हमखास बॉडीला टेकतात. स्पीकरची मायनस म्हणजे बॉडीची मायनस नव्हे, हे शंभरदा सांगूनही लोक एक वायर वाचवायला ती पत्र्याला जोडतात.

दोन कॉइलचा वूफर असेल तर जोडणीही बघून घ्या. चार-चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की दोन ओहम होतात. ब्रिज केलेल्या दोन चॅनलच्या अ‍ॅम्पला बहुधा चार ओहमच्या खाली चालत नाही. मित्राने 'अजून दम येईल' म्हणून केलेली ही जोडणी पहिल्या घाटापर्यंत टिकते, मग अ‍ॅम्प तापून बंद पडतो.

रेस दिली की शिट्टीसारखा आवाज चढत जातो, ही अल्टरनेटरची गुणगुण. फिल्टर विकत घेण्याआधी आरसीएच्या पिना अ‍ॅम्पवरून काढा. आवाज थांबला तर तो आरसीएमधून किंवा स्टिरिओच्या अर्थमधून येतोय. स्टिरिओचा अर्थ नीट करा, आणि आरसीए गाडीच्या एका बाजूने, वीज दुसऱ्या बाजूने न्या. एकच बाजू वाजत नसेल तर डाव्या-उजव्या आरसीए अदलाबदल करून बघा. गप्प बाजू बदलली तर दोष स्टिरिओकडे किंवा केबलमध्ये, तिथेच राहिली तर अ‍ॅम्प किंवा स्पीकरमध्ये.

पावसाळ्यात सीटखालचा अ‍ॅम्प पाण्यात गेला असेल तर 'चालतोय का बघू' म्हणून चावी फिरवू नका. बॅटरीची मायनस काढा, अ‍ॅम्प उघडा, गढूळ पाणी असेल तर आधी स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवा आणि दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या. ओल्या बोर्डाला वीज मिळाली की तांब्याच्या रेषा झपाट्याने खाल्ल्या जातात. पाण्यात न गेलेली पण महिनाभर उभी असलेली गाडी असेल, तर वायरी कुरतडणाऱ्या उंदरांचाही विचार करा.

आता आतलं. ज्यांना सोल्डरिंगचा हात आहे त्यांच्यासाठीच हे, बाकीच्यांनी निदान वाचा, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याशी बोलता येईल. अ‍ॅम्प बारा व्होल्ट घेऊन आत एका फेराइट रिंगवर गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरने ते वाढवतो. प्लस तीस-मायनस तीस, मोठ्यात त्याच्याही दुपटीने. हे व्होल्ट मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही काही काळ साठून राहतात. मोजून, रेझिस्टरने उतरवून मगच हात घाला. ट्रान्सफॉर्मरला झुलवणारे मॉसफेट एका बाजूला हीटसिंकला दाबलेले असतात, बहुधा आयआरएफ ३२०५ किंवा झेड ४४, आणि त्यांना ताल देणारी टीएल ४९४ सारखी आयसी. फ्यूज लावताक्षणी उडतो तेव्हा नव्वद टक्के हेच शॉर्ट, नाहीतर कुणीतरी बॅटरी उलटी जोडल्यामुळे प्लस-अर्थमधला संरक्षक डायोड.

मीटर डायोडवर ठेवून मॉसफेटचा मधला आणि कडेचा पाय, म्हणजे ड्रेन आणि सोर्स, बघा. दोन्ही दिशांनी बीप वाजला तर शॉर्ट. पण चार-चार जण समांतर असतात, त्यामुळे एक मेला की चारही मेल्यासारखे दिसतात. काढून एकेक तपासावे लागतात. खरा मेलेला बऱ्याचदा डोळ्यांनीच सापडतो, काळ्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढा तडा, आणि नाकाशी धरला तर तो ओळखीचा कडवट वास. एक मेला तरी त्या ओळीतले चारही एकाच लॉटचे नवे टाका, जुने राहिलेले अर्धमेले असतात. गेटचे छोटे रेझिस्टर मोजा. सत्तेचाळीस ओहमचा चारशे दाखवत असेल तर नवे मॉसफेट पहिल्याच मिनिटाला जळतील. पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात, पण नंबर खरवडून पुन्हा छापलेला नकली मालही तिथेच फिरतो. भाव निम्मा सांगितला तर समजून घ्या.

नवे पार्ट टाकल्यावर थेट बॅटरीला जोडू नका. प्लसच्या वायरीत गाडीच्या ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे, पण सगळा करंट पावणेदोन अँपिअरवर अडल्याने नवे मॉसफेट बहुधा वाचतील. हीटसिंकला पार्ट दाबून बसवल्याशिवाय, अभ्रकाचे किंवा सिलिकॉनचे पॅड जागेवर असल्याशिवाय, हा बल्ब काढायचा नाही. मग स्पीकर न जोडता आउटपुटच्या दोन स्क्रूंमध्ये डीसी व्होल्ट मोजा. ०.१ च्या आत हवेत. पाच-दहा व्होल्ट दिसले आणि तुम्ही वूफर लावला, तर कोन बाहेर फेकला जाऊन तिथेच अडकेल आणि कॉइल जळेल.

आवाज धक्क्यांवर येत-जात असेल तर इतकं खोल जायची गरज नाही. आरसीए सॉकेटचे आणि ट्रान्सफॉर्मरचे पाय भिंगाने बघा. गाडीच्या हादऱ्यांनी सोल्डरभोवती अंगठीसारखी बारीक काळी रेघ पडते. नवं सोल्डर देऊन जोड ताजा केला की झालं.

दुकानात दुरुस्तीला दिलात तर दोन प्रश्न विचारा : काय जळलं, आणि कशामुळे. पहिल्याचं उत्तर देणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याला 'व्होल्टेज जास्त आलं असेल' असं उत्तर मिळालं तर बदललेले जुने पार्ट परत मागा आणि गाडीचा अर्थ स्वतः तपासा. बोर्डावरच्या रेषा जळून कोळसा झाल्या असतील, किंवा आधी कुणीतरी हात मारून पट्ट्या उचलल्या असतील, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. तो माल नीट होतो, पण टिकत नाही. नामांकित जुना एबी वर्गाचा जड अ‍ॅम्प असेल तर मात्र शक्य तितकं वाचवा.

परत बसवताना गेनचा स्क्रू शून्यावर आणा. तो आवाजाचा नॉब नाही, स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालायचा आहे. बास बूस्ट बंद. स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवून, ओळखीचं गाणं लावून, गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या आणि तिथेच सोडा. अ‍ॅम्पच्या पंखांभोवती चार बोटं हवा खेळायला जागा ठेवा, वर गालिचा नको, पिशव्या नकोत. तासभराच्या प्रवासानंतर त्यावर तळहात ठेवून बघा. ठेवता येत नसेल तर स्पीकरचे ओहम पुन्हा मोजा.